बुडापेस्ट–काशीद, मार्गे दादर

काशीदच्या किनाऱ्यावर उंट आहे, घोडागाडी आहे, बनाना राइड आहे, वाळूतून फटफटत जाणाऱ्या चारचाकी बाइक आहेत, लिंबू सरबत आहे, शहाळ्यांचे ढीग आहेत. रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला फणसाडचं अभयारण्य आहे आणि त्यात बिबट्या आहे. एवढी माहिती कुठल्याही पर्यटन पत्रकात मिळते. पत्रकात नसलेली गोष्ट अशी, की याच गावात, सुरूच्या झाडांपासून हाकेच्या अंतरावर, एका कौलारू घराच्या माजघरात हंगेरी आहे. लोखंडी कपाटात आहे. वरच्या फळीवर मिक्लोश यान्चोचे सिनेमे, मधल्या फळीवर इश्त्वान साबो आणि मार्ता मेसारोश, खालच्या फळीवर बेला तार. त्याच्याही खाली पापड-कुरडयांचे डबे. हंगेरी माझी, कपाट आमच्या हिचं. हा सीमावाद जुना आहे आणि त्यात मी नेहमीच मागे सरकत आलो आहे.

मराठी माणसाचा आणि हंगेरीचा संबंध काय, असं घरी येणारे पाहुणे विचारतात. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की संबंध वकिलातीतून जुळला. सत्तरच्या दशकात परकीय चलन सरकार तोळ्यामाशानं मोजून देत असे. अमेरिकी किंवा फ्रेंच सिनेमा आणायचा तर पैसे पडत. पूर्व युरोपातल्या समाजवादी देशांच्या वकिलाती मात्र आपापल्या सिनेमांच्या प्रिंट फिल्म सोसायट्यांना आनंदानं देत. १९५९ साली फिल्म सोसायट्यांचं फेडरेशन स्थापन झालं, सत्यजित राय त्याचे अध्यक्ष. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होतंच. तिथं पी. के. नायर डबे सांभाळत आणि सतीश बहादूर ते डबे कसे पाहायचे हे शिकवत. परिणाम असा झाला, की दादरच्या चाळीत राहणारा, विमानात कधी न बसलेला बँकेतला कारकून हंगेरीच्या माळरानाबद्दल अधिकारवाणीनं बोलू लागला. त्यानं मराठवाडा पाहिलेला नसे, पण हंगेरीचं माळरान त्याला तोंडपाठ असे.

सोसायटीच्या खेळांना सेन्सॉरची सूट होती. त्यामुळे सभासद दोन जातींचे असत. एक जात सिनेमा पाहायला येई आणि दुसरी जात सूट पाहायला येई. या दुसऱ्या जातीला यान्चोनं जसं नमवलं, तसं जगातल्या कुठल्याही सेन्सॉर बोर्डाला जमलं नसतं. त्याचा ‘रेड साम’ हा चित्रपट घ्या. १९७२ साली त्याला कानला उत्कृष्ट दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळालं होतं. त्यात स्त्रिया विवस्त्र होतात, ही बातमी खेळाच्या आधीच सभासदांत पोचलेली असे. सभागृह भरे. स्त्रिया विवस्त्र होतही. पण त्या लांबवर, शेतात, समूहगान चालू असताना, आणि मधून घोडे जात. भोवती १८९०च्या दशकातल्या शेतमजुरांचा उठाव. अख्खा सिनेमा तीसपेक्षा कमी शॉट्समध्ये, म्हणजे कॅमेरा एकदा निघाला की थांबायचं नाव नाही. सूट पाहायला आलेला सभासद भूमिहीनांच्या प्रश्नाची इत्थंभूत माहिती घेऊन घरी जाई. त्यातले काही पुढं युनियनमध्ये गेले म्हणतात.

‘द रेड अँड द व्हाइट’ची गंमत त्याहून वरची. ऑक्टोबर क्रांतीच्या पन्नाशीनिमित्त, १९६७ साली, सोव्हिएत भागीदारीत हा सिनेमा निघाला. गौरवपर काहीतरी करून द्या, एवढीच अपेक्षा होती. यान्चोनं असा सिनेमा दिला, की लाल कोण आणि पांढरे कोण हेच धड कळत नाही. आत्ता बंदूक रोखणारा पुढच्या मिनिटाला कपडे काढून नदीत उडी मारायच्या तयारीत. मॉस्कोत तो काही गोड वाटला नाही. दादरला मात्र खेळानंतर पदपथावर तासभर चर्चा चाले. रिळांचे डबे मागेपुढे झाले असते तरी चर्चा तेवढीच झाली असती, असं एक ज्येष्ठ सभासद खासगीत म्हणत. जाहीरपणे ते ‘अवकाशाचं व्याकरण’ म्हणत.

पण त्या दिवसांत एक गोष्ट पक्की होती. प्रिंट एकदा येई आणि सकाळच्या गाडीनं पुढच्या गावाला जाई. आज पाहिला तर पाहिला, नाहीतर राहिला. म्हणून माणसं तापात येत, साखरपुडा अर्धा सोडून येत, बायकोला ‘ऑडिट आहे’ सांगून येत.

मग व्हिडिओ आला आणि प्रिंटची वाट पाहणारा माणूस संग्राहक झाला.

पहिल्या काळात व्हीएचएस. कुणाचा तरी मेहुणा परदेशातून कॅसेट आणी, तिची कॉपी निघे, कॉपीची कॉपी निघे. चौथ्या पिढीतल्या यान्चोमध्ये घोडा कोण आणि शिपाई कोण हेही कळेनासं होई. इंग्रजी उपशीर्षकं पांढरी आणि हंगेरीत बर्फही पांढरा, त्यामुळे हिवाळ्यातले संवाद अंदाजानंच घ्यावे लागत. तरी आम्ही त्या कॅसेटवर नाव, साल आणि दिग्दर्शक अशी सुवाच्य चिठ्ठी डकवत असू. चिठ्ठी स्वच्छ दिसे, सिनेमा दिसत नसे.

पुढं डीव्हीडी आली, चित्र लख्ख झालं आणि नवीच भानगड उपटली. डीव्हीडीच्या कंपन्यांनी जगाची सहा तुकड्यांत, म्हणजे ‘रीजन’मध्ये, वाटणी केली होती. अमेरिका एक, ब्रिटन आणि हंगेरी दोन, भारत पाच. आपल्या गटात रशिया आणि आफ्रिका, म्हणजे अलिप्ततावादी परिषदच. बुडापेस्टची डिस्क मुंबईच्या यंत्रात घातली की यंत्र तिला व्हिसा नाकारी. ब्रिटनमध्ये ‘सेकंड रन’ नावाची छोटी कंपनी २००५पासून नेमके हेच सिनेमे काढते आहे. यान्चो, हुसारिक, कारोय माक, मेसारोश, सगळे तिच्याकडे. पण बुडापेस्टहून आलेल्या डिस्कांचं काय? शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका मेकॅनिकनं रिमोटवर चार आकडे दाबले, ‘आता काहीपण लावा साहेब’ म्हणाला आणि माझ्यापुरतं शीतयुद्ध संपवलं. पुढं ब्लू-रे आलं तेव्हा वाटणी पुन्हा झाली. या वेळी आकड्यांऐवजी अक्षरं. आपण ‘सी’, सिनेमे ‘बी’. मेकॅनिकचा फोन नंबर मी जपून ठेवला आहे.

संग्राहकाला खरं तर एवढ्यानं थांबायला हरकत नसते. पण हंगेरीच्या राष्ट्रीय चित्रपट संस्थेनं जुन्या सिनेमांच्या निगेटिव्ह धुऊन-पुसून नव्यानं डिजिटल प्रती काढायचा सपाटा लावला आहे. म्हणजे आपल्याकडे आहे ती प्रत जुनी झाली. बेला तारच्या ‘सातानटँगो’त सात तासांहून जास्त वेळ जो पाऊस पडतो, तोच पाऊस आम्ही आधी डीव्हीडीवर विकत घेतला, मग ब्लू-रेवर विकत घेतला, आणि दुसऱ्या वेळी ‘आता थेंब वेगवेगळे दिसतात’ असं घरी सांगितलं. ही म्हणाली, ‘थेंब मोजायचे तर अंगणात जा, फुकट आहेत.’

मुद्दा बिनतोड होता. संग्रह काशीदला हलवण्याचा निर्णयही तिचाच. मुंबईच्या जागेत एक तर हंगेरी राहील नाहीतर मी, असा पर्याय होता, त्यात तिसरा पर्याय निघाला: दोघंही काशीदला. आता समुद्रकाठी डिस्क ठेवणं म्हणजे काय, हे कुठल्याही कॅटलॉगात लिहिलेलं नसतं. खारा वारा इथं फाटकाच्या बिजागऱ्या खातो, पंख्याची पाती खातो, फ्रिजचा तळ खातो. डिस्कनं त्याचं काय घोडं मारलंय? डीव्हीडी म्हणजे प्लास्टिकच्या दोन चकत्या आणि मध्ये धातूचा पातळ पापुद्रा. कडेचा चिकटपणा सुटला की आत दमट हवा शिरते आणि पापुद्रा काळवंडायला लागतो. उजेडाकडे तिरकी धरली की कडेपासून आत सरकणारे ढग दिसतात. व्हीएचएसची गत आणखी वाईट: कॅसेटच्या खिडकीतून आत पाहावं तर फितीच्या गुंडाळीवर पांढरी पूड धरलेली. ती बुरशी. अशी कॅसेट एकदा यंत्रात गेली की यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद मिळतो.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे दोन वाळवणं होतात. अंगणात ही कुरडया उलटत असते आणि पडवीत मी यान्चो पुसत असतो. चष्मा पुसायचं मऊ फडकं, डिस्टिल्ड वॉटर, आणि हात मधून कडेकडे सरळ न्यायचा, गोल फिरवायचा नाही. गोल ओरखडा पडला तर लेझरची वाटच हुकते. मग नव्या चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या प्रत्येक फळीवर. घरात कुणी चपला घेतल्या की मी आधी पुडी मागतो. त्यामुळे नातेवाइकांत माझ्याबद्दल वेगळंच मत आहे.

हे सगळं करताना हातात येणाऱ्या कित्येक डिस्कांवरचं पातळ वेष्टन अजून काढलेलंच नसतं. हा केवळ माझा प्रकार नाही, माझ्या ओळखीच्या झाडून सगळ्या संग्राहकांचा आहे. संग्राहकाला ‘तुम्ही हा पाहिलाय का?’ असं विचारलं तर तो ‘आहे’ असं उत्तर देतो. हंगेरीला अधूनमधून बरे दिवस येतात, तेव्हा या उत्तराची फार मजा येते. १९८२ साली साबोच्या ‘मेफिस्टो’ला ऑस्कर मिळालं, हंगेरियन कथाचित्रपटाला मिळालेलं ते पहिलंच. २०२१ साली गोव्याच्या इफ्फीत साबोला सत्यजित राय जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला, २०२२ साली बेला तारला केरळच्या महोत्सवात जीवनगौरव मिळाला, आणि २०२५ साली ‘सातानटँगो’चा लेखक लास्लो क्रास्नाहोरकाई याला नोबेल मिळालं. नोबेलच्या संध्याकाळी आमच्या गटात फोनवर फोन. ‘तुझ्याकडे आहे?’ ‘आहे.’ ‘तुझ्याकडे?’ ‘दोन आहेत.’ पाहिला कुणी, हा प्रश्न सभ्य माणसं विचारत नाहीत. जी प्रिंट सकाळच्या गाडीनं जाणार होती ती आम्ही डोळे फाडून पाहिली, आणि जी डिस्क मरेपर्यंत कुठं जाणार नाही ती मरेपर्यंत सवडीनं पाहू.

कपाट उघडलं ते काशीदच्या पावसानं. जूनपासून समुद्रातल्या राइड बंद, बोटी बंद, पर्यटक तुरळक. घोडागाडीवाला मोकळा, सरबतवाला मोकळा, खानावळीच्या वहिनी अर्ध्या मोकळ्या. एकदा कुणीतरी म्हणालं, ‘काका, ते कपाटात एवढं काय ठेवलंय, लावा तरी.’ पडवीत पांढरी चादर बांधली, छोटा प्रोजेक्टर लावला आणि सुरुवात कारोय माकच्या १९७१ सालच्या ‘लव्ह’नं केली, कारण तो दीड तासात संपतो. त्यात अंथरुणाला खिळलेली सासू आहे. मुलगा राजकीय कैदी म्हणून तुरुंगात आहे, पण तो अमेरिकेत सिनेमा काढतोय असं सून तिला सांगते, आणि त्याच्या नावानं खोटी पत्रं लिहून वाचून दाखवते. पडवी शांत. आमची ही डोळे पुसत होती. खानावळीच्या वहिनी बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, ‘अशी सून असंल तर सासूला अंथरूण गोड लागंल.’ चाळीस वर्षांत ‘लव्ह’वर मी बरीच समीक्षा वाचली आहे, एवढं नेमकं वाक्य त्यात नव्हतं.

मग रांगच लागली. हुसारिकच्या ‘सिंदबाद’मध्ये नायक उपाहारगृहात बसून नळी खातो. हाड आपटून मगज टोस्टवर काढतो आणि डोळे मिटतो. पडवीतली जाणकार मंडळी पुढं सरकून बसली आणि तो प्रसंग पुन्हा लावायला लावला. फाब्रीच्या ‘टू हाफ टाइम्स इन हेल’मध्ये हिटलरच्या वाढदिवसाला जर्मन सैनिक आणि हंगेरियन कैदी यांची फुटबॉलची मॅच होते, त्या रात्री किनाऱ्यावर खेळणारी सगळी पोरं हजर. पेतेर बाचोचा ‘द विटनेस’ १९६९ साली तयार झाला आणि सरकारनं दहा वर्षं डब्यात ठेवला. त्यात शास्त्रज्ञांनी मोठ्या थाटात देशातलं पहिलं संत्रं पिकवलेलं असतं. एकच. समारंभाच्या आधी ते पोरगं खाऊन टाकतं. मग तिथं लिंबू ठेवलं जातं, बडे पाहुणे चाखतात, तोंड वाकडं करतात, आणि नायक ही आपल्याच देशाची नवी जात असल्याचं सांगून वेळ मारून नेतो. पंचायतीचे एक माजी सदस्य हसता हसता पडवीवरून खाली यायचे राहिले. म्हणाले, ‘आपल्याकडं लिंबू नसतं, कलम असतं. वृक्षारोपणाला नर्सरीतून आणायचं, पिशवीसकट पुरायचं, पाहुणे गेले की उपटून परत द्यायचं.’

‘द ट्युरिन हॉर्स’ लावताना मला धाकधूक होती. अडीच तासांच्या आसपासचा सिनेमा, शॉट तीस. बाप, मुलगी, घोडा, वादळी वारा. रोज एकेक उकडलेला बटाटा हातानं सोलून खायचा. घोडा चालत नाही, मग खात नाही. विहीर आटते. दिवा पेटत नाही. बर्लिनला ज्युरीचं मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा समीक्षकांनी जगाच्या अंताबद्दल लिहिलं. काशीदला तसं काही झालं नाही. घोडागाडीवाल्यानं दहाव्या मिनिटाला निदान केलं: ‘घोरा नाय चालनार काका. त्याचे पोटात दाना नाय.’ आणि वारा, विहीर, दिवा यांचं कुणालाच नवल वाटलं नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. कौलं उडाली, सुपाऱ्या आणि सुरू आडवे झाले, वीज कितीतरी दिवस नव्हती, वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. ‘आपन पन बटाटंच खाल्लं तवा,’ सरबतवाला म्हणाला. ‘पन मीठ-तिखट लावून.’

शेवटी ‘सातानटँगो’. सात तास एका बैठकीत कुणी बसणार नव्हतं, म्हणून टँगोच्या पावलांवर बेतलेले त्याचे बारा भाग वेगवेगळ्या रात्री वाटून घेतले. सुरुवातीला गोठ्यातून गाई बाहेर पडतात आणि कॅमेरा कितीतरी मिनिटं त्यांच्याबरोबर चालतो. मुंबईचा प्रेक्षक अशा वेळी घड्याळ पाहतो. इथल्या प्रेक्षकांनी कोणती गाभण आहे ते पाहिलं. मग मोडकळीला आलेली सामुदायिक शेती, चिखल, खिडकीत बसून गावाच्या सगळ्या हालचाली वहीत टिपणारा दारुडा डॉक्टर (‘असा आपल्याकडं कोन, नाव नका घेऊ’) आणि मेला म्हणून समजलेला इरिमियाश. तो परत येतो, गोड बोलतो, नव्या वसाहतीचं स्वप्न दाखवतो आणि गावाचे साठवलेले सगळे पैसे घेतो. तो पडद्यावर बोलू लागताच पडवीत चुळबुळ झाली. इकडं जेट्टी येणार, रेवस-रेड्डीचा सागरी रस्ता येणार, असं सांगत जमिनी बघत फिरणारे लोक सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. ‘ह्योच तो,’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘कोट तेवढा नवा.’ शेवटी डॉक्टर खिडकीला फळ्या ठोकतो आणि पडदा पूर्ण काळा होतो. घोडागाडीवाला लगेच उठून मीटर बघून आला. लाईट होती.

तेव्हा माझं मत सांगतो. यान्चोला प्रेक्षक नाहीत, बेला तार लोकांना झेपत नाही, हे सगळं कपाटाच्या मालकांनी पसरवलेलं आहे. सिनेमा जमवणं ही वाईट गोष्ट नाही, पण घरात आणला म्हणजे पाहिला असं होत नाही. सोसायटीच्या काळात जादू प्रिंटची नव्हती, तारखेची होती. अमुक दिवशी, अमुक वाजता, चार माणसं येणार, मग पाहावंच लागे. तुमच्याही घरात वेष्टनातल्या डिस्का असतील, हंगेरीच्या नसतील तर जपानच्या असतील. बुरशी धरण्याआधी एक तारीख ठरवा आणि शेजाऱ्यांना बोलवा. कळेल का त्यांना, ही काळजी करू नका, तुमच्याआधी कळेल. काशीदला यायचं असेल तर जुलैत या. रीजन कुठलाही चालेल, छत्री आणि सिलिका जेलच्या पुड्या आणा. फक्त एक आधीच सांगून ठेवतो: जुलैत मासेमारी बंद असते, जेवायला सुकट मिळेल.